बघत बसायचा पगार

माझ्या नातसुनेला सध्या वर्गात बसायचे पैसे मिळतात. ती हिंगोलीला शिक्षकीचं शिकते आहे. शिकता शिकताच तिला एका हायस्कुलात धाडलं आहे. तिथं ती मागच्या बाकावर बसून जुन्या बाईंचं शिकवणं बघते, वहीत लिहिते, मधूनमधून स्वतः शिकवते, आणि महिना भरला की तिच्या खात्यात काहीतरी रक्कम येते. हे तिनं मला पेढा देत सांगितलं. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "तू बघून काय लिहून राहिलीस, ते त्या बाईंना ठाऊक आहे का?" ती हसली. "आजी, तुमी लईच शंकेखोर बघा," म्हणाली. आहेच मी. माझी शाळा चौथीला संपली, पण शंका घ्यायला मी शाळा संपल्यावर वर्षभरातच शिकले, आणि ते मला माझ्या वडलांनी शिकवलं. त्या वर्षाबद्दल मी कुणाला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांना लाज वाटायची ते गेले, आणि मी उरले आहे, मला आता फारशी लाज राहिलेली नाही.

तेव्हा आम्ही वसमतला राहत होतो. राज्य निजामाचं होतं. एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या वखारीमागं आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं ओसरी, आणि ओसरीला लागून वखारीची भिंत. हळद निघायचे दिवस आले की शिजवलेल्या हळदीचा ओला, मातकट वास अंथरुणापर्यंत येई. दोन माणसं गोणपाटात हळकुंडं घालून दिवसभर घोळत बसत, त्याचा खसखस आवाज सकाळी सुरू होई तो दिवेलागणीला थांबे. माय आणि मी वखारीतली हळकुंडं निवडत असू. जाड वेगळी, बारीक वेगळी, किडकी वेगळी. आमच्या दोघींची बोटं बारा महिने पिवळी असत. गल्लीच्या पलीकडं कल्हईवाल्याचा भाता फुसफुसत राही. त्याची मुलगी झुबेदा माझ्याच वयाची. आम्ही दोघी चौथी एकदम पास झालो आणि दोघींनाही एकदमच घरी बसवलं. पुढं मुलींना शाळा नव्हती, आणि असती तरी पाठवलं नसतं. आणि घरात अप्पांचा अडकित्ता. सुपारी कातरत बसणं हे अप्पांचं विचार करणं होतं. कट्, कट्, कट्. हात थांबला की समजायचं, काहीतरी डोक्यात शिरलं.

अप्पा मिडल शाळेत हिशेब शिकवत. पावकी, निमकी, दीडकी हे पाढे त्यांच्या जिभेवर असत. बाजारात व्यापारी कागद काढेपर्यंत अप्पा तोंडी उत्तर सांगून पुढं गेलेले असत. पण मास्तरकीचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. ते नोकरीला लागले तेव्हा कुणी विचारत नसे. आता विचारू लागले होते. शिवाय मिडलपासून सगळं उर्दूत शिकवायचा हुकूम होता, आणि अप्पा पुस्तक उर्दूत वाचत आणि समजावत मराठीत. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आणखी एक गोष्ट घरात होती. वऱ्हाडातून येणारा एक पाहुणा पिशवीच्या तळाशी मराठी वर्तमानपत्र घालून आणी. महिनाभर जुनं, घड्यांवर फाटलेलं. राज्यात बंदी असलेला तसला कागद मास्तरच्या घरात सापडणं बरं नव्हतं. अप्पा तो वाचत आणि आमच्या हळदीच्या कणगीत हळकुंडांखाली घालत. कणगी म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यातली, तट्ट्याची, शेणानं लिंपलेली, माझ्या छातीएवढी. तिच्यात हात घालायची मला मनाई होती.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि उमेदवार आला. अप्पांनी हुकमाचा कागद घरी आणून ओसरीवर वाचला. कागद उर्दूत होता. माय आणि मला उर्दू बोललेलं कळे, वाचता येत नसे. आणि हुकमातलं उर्दू तर बोललेलंही कळत नसे. तेव्हा हुकमात काय होतं, तर अप्पांनी मराठीत सांगितलं तेवढंच. ते असं, की माधवराव नावाचा एक तरुण हैदराबादेहून शिकून आलाय, तो वर्षभर अप्पांच्या हाताखाली राहणार. अप्पांचा वर्ग बघणार, काही धडे स्वतः शिकवणार, त्या धड्यांच्या वहीवर अप्पा सही करणार. वर्षअखेर तालीमीचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब येऊन त्याचं काम बघणार. पसंत पडलं तर मिडलचा मास्तर म्हणून कायम, नाहीतर घरी. आणि या वर्षात त्याला सरकारातून वजीफा.

"म्हंजी शिकायचा पगार?" मायनं विचारलं.

"व्हय."

"बघत बसायचा?"

"बघत बसायचा."

माय थोडा वेळ हळकुंड मोडत राहिली. मग म्हणाली, "करायचे पैसे देतेत. बघायचे कोन देतं? पोलीस देतेत."

अप्पांचा अडकित्ता थांबला. मला वाटतं ते वर्ष त्या क्षणाला सुरू झालं.

गल्लीनं त्यात भर घातली. शाळेला हिशेबाचा मास्तर एकच लागतो. शिकलेला कायम झाला की बिनशिकलेल्याला कुठंतरी पाठवतील. जवळा बाजारची नाहीतर आणखी आतली प्राथमिक शाळा, तिथं अ-आ-ई गिरवून घ्यायची. हे अप्पांच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण पाठीमागं मोठ्यानं म्हणत. म्हणजे उमेदवार कायम होणार का घरी जाणार, हा प्रश्न आमच्या घरी भाकरीइतका रोजचा झाला, आणि तो जावा असं आम्हाला तिघांनाही वाटत होतं. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते. त्यानं आमचं काहीही केलेलं नव्हतं.

तो होता तरी कसा? उंच, हडकुळा, मानेवर घामोळं. आपल्याच लोकांतला, परभणीकडचा, पण काळी शेरवानी आणि डोक्यावर गोंड्याची लाल टोपी. मायला तेच खटकलं. "तेंचा असता तर टोपी समजली असती. आपला हाय आन टोपी तेंची. असलं माणूस कुनाचं?" तो शाळेच्या बाजूच्या खोलीत झोपे, आणि दोन वेळा जेवायला आमच्याकडं येई, कारण हाताखालच्या माणसानं मास्तरच्या घरी जेवायचं असा रिवाज होता. आल्यावर शेरवानी काढून ओसरीतल्या खुंटीला लावी, टोपी तिच्यावर, हातपाय धुऊन पाटावर बसे. माय भाकरी वाढी ती लांबून टाकल्यासारखी. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, कधी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची, आमटी. येसराची आमटी त्याला फार आवडे. दुसऱ्यांदा मागायला तो लाजे, वाटी नुसती थोडी पुढं सरकवी. मायला ते दिसे आणि ती मुद्दाम दुसरीकडं बघे. एकदा तो म्हणाला, "काकू, आमच्याकडं येसर इतकं खमंग होत न्हाई." माय म्हणाली, "तुमच्याकडं वजीफा होतो नं." त्यानं पुढं सरकवलेली वाटी मागं घेतली.

आता मी कशी यात आले ते सांगते. त्याला पाठ घ्यायच्या आधी सराव करायला कुणीतरी समोर लागे. संध्याकाळी अप्पा आत सुपारी कातरत बसले की तो ओसरीत मला समोर बसवी. "गोदा, तू आता पाचवीतलं पोरगं. समजलं न्हाई तर हात वर करायचा. उगंच मान हलवायची न्हाई." मी पहिल्या दिवशी दर वाक्याला हात वर केला. मुद्दाम. त्यानं दर वेळी पुन्हा सांगितलं, वेगळ्या तऱ्हेनं, आणि शेवटी मलाच कंटाळा आला आणि कळलं. भाकरीचे चतकोर करून त्यानं अपूर्णांक शिकवले. दशांश शिकवले ते हळकुंडांनी. एक अख्खं जाड हळकुंड म्हणजे एक. त्याच्याएवढ्या लांबीत दहा बारीक तुकडे मांडायचे. एक तुकडा म्हणजे एकाचा दहावा, आणि तो टिंबाच्या उजवीकडं लिहायचा. पुस्तकात याला आशारिया म्हणत. मी चौथी पास मुलगी ओसरीत बसून मिडलचा हिशेब शिकत होते, आणि सरकार त्याबद्दल त्याला पैसे देत होतं. तेव्हा मला हे असं दिसलं नाही. मला अप्पांनी सांगून ठेवलं होतं, "तो काय विचारतो घरातलं, ध्यान ठेव. कणगीकडं बघतो का बघ." मी पाटीवर टिंब देत असे आणि त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवत असे. तो कणगीकडं बघे. हळकुंडं तिच्यातूनच काढायची होती, तर कुठं बघणार? पण मी ते अप्पांना सांगितलं, "बघतो," आणि पुढचं सांगितलं नाही.

दशांशाच्या त्या आठ-दहा संध्याकाळी एक गोष्ट होई. इकडं ओसरीत शिकवणं सुरू झालं की आत अडकित्ता थांबे. पाठ संपला की पुन्हा कट्, कट्. मला वाटे, अप्पा पहारा देऊन राहिले.

हळद निघायच्या सुमाराला एक दिवस शाळेवर पोलीस चौकीचा एक जवान आला आणि अप्पांना म्हणाला, "मास्तर, तुमचा हिशेब मराठीत चालतो म्हणे." हसत म्हणाला, पान मागून खाल्लं आणि गेला. एवढंच. पण अप्पा घरी आले ते पांढरे होऊन. "कोनी सांगितलं असंल? वर्गात मी, पोरं, आन त्यो." वर्गभर पोरं होती, एखादं घरी बोललं असेल, घरचं माणूस चावडीवर बोललं असेल. हे मला आज सुचतं. त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. अप्पा म्हणाले, "मी फळ्याकडं वळलो की ह्याची पेन्सिल चालू. सहीची वही तर मला दाखवतो, ती मोठी हाय. ही बारकी हाय. आतल्या खिशात ठेवतो. काय लिहितो, कुनासाठी लिहितो?"

"तुमीच इचारा की," माय म्हणाली.

"इचारून खरं सांगंल?"

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी मला चोरी कर असं सांगितलं नाही. ते म्हणाले, "शेरवानी तर खुंटीलाच असती." आणि सुपारी घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. मायनं त्या दिवशी येसराची आमटी केली होती, आणि न मागता दुसरी वाटी वाढली, मग तिसरी. मला त्यावरून कळलं की तिलाही ठाऊक आहे. मी निवडणीतून उठून ओसरीत आले. शेरवानीचं अस्तर पांढरं होतं. आतला खिसा डावीकडं. वही हाताच्या तळव्याएवढी, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्यानं शिवलेली. ती मी परकराच्या नेफ्यात खोचली आणि पुन्हा हळकुंडांपुढं जाऊन बसले. पलीकडं भाता फुसफुसत होता. तो आतून म्हणाला, "काकू, बस बस, पोट फुटंल आता." आणि माय हसली. वर्षात पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली.

संध्याकाळी अप्पांनी ओसरीचं दार लोटून वही वाचली. पहिल्यांदा मनाशी, सबंध. त्याला बराच वेळ लागला. मग एकेक ओळ उर्दूत म्हणून आम्हाला मराठीत सांगितली. "मास्तर हिसाब मराठीत समजावतात, हुकूम उर्दूचा आहे." पुढची: "पाढा चुकला तर मास्तर पोराला उन्हात उभं करतात." पुढची: "आज मास्तर अर्धा तास उशिरा आले." वही मिटली. "झालं. ह्याच्यापुढं आनखी काय पायजे?" माय म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हनलं होतं." अप्पांनी कणगीत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि वही तळाशी सारली. चूल दहा पावलांवर होती. त्यांनी ती चुलीत का घातली नाही, हे मला त्या वेळी विचारावंसं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, जेवला, आणि हात धुऊन शेरवानी घालताना मला म्हणाला, "गोदा, माझी बारकी वही हितं पडली का कुठं? वर्षाचं काम हाय माझं तेच्यात, अजून साफ उतरवायचं हाय."

"न्हाई."

"नीट आठव. साहेब यायच्या आत पायजे."

"न्हाई म्हनलं नं."

तो शेरवानीची बाजू उघडून आतला खिसा बघत होता. पांढऱ्या अस्तरावर खिशाच्या तोंडाशी तीन पिवळी बोटं उठली होती. बारकी बोटं. त्यानं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, मी माझे हात परकराखाली घेतले. मला वाटलं आता हाक मारील, अप्पांना बोलावील, माय धावत येईल. त्यानं शेरवानीची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत, सावकाश, आणि गेला.

तालीमीचे साहेब तिसऱ्याच दिवशी आले. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार असं सगळे धरून होते. शाळा बघून ते आमच्याकडं जेवायला आले. साहेबानं उमेदवाराच्या मास्तरकडं जेवायचं हाही रिवाजच. माय आणि मी दाराआड. जेवण झाल्यावर ओसरीत सतरंजीवर साहेब बसले, एका बाजूला अप्पा, समोर माधवराव उभा. साहेबांनी मोठी वही चाळली. प्रत्येक धड्याखाली अप्पांची सही होती, एकही चुकलेली नव्हती. साहेब खूश झाले. "अच्छा पढाए मियां. मास्टर साहब ने भी दस्तखत किए. अब वो दुसरी किताब दिखाव. मास्टर साहब के दर्स देख के जो लिखे, वो."

माय माझ्या दंडाला धरून होती. तिची बोटं रुतली. दुसरी वही हुकमातली होती. सरकारनंच लिहायला सांगितलेली. जुना मास्तर कसा शिकवतो ते रोज लिहायचं आणि वर्षअखेर दाखवायचं. तो हुकूम ज्यांनी वाचला होता ते अप्पा सतरंजीवर बसले होते.

साहेबांनी हात पुढं केला.

"किधर है?"

त्यानं एकदा ओसरीतल्या कणगीकडं बघितलं. ते मी बघितलं. माझी वर्षभराची नोकरीच ती होती. मग तो म्हणाला, "लिखी नही, साहब."

"मतलब? साल भर में एक हर्फ नही?"

"जी नही."

हरवली म्हणाला असता तर साहेबांनी कधी, कुठं, कुणाच्या घरी असं विचारलं असतं. चोरीला गेली म्हणाला असता तर ओसरी झाडून काढली असती, आणि वहीबरोबर वऱ्हाडचे कागदही निघाले असते. साहेब रागावले. सरकार वजीफा देते ते आराम करायला नाही, असं बरंच काही बोलले. मग अप्पांकडं वळून म्हणाले, "आप क्या बोलते मास्टर साहब? ये लिखता नही था?"

मी त्या वेळी अप्पांचा हात बघत होते. सुपारी अर्धी कातरलेली होती. कणगी त्यांच्या पाठीशी, सहा पावलांवर.

अप्पा म्हणाले, "मेरे देखने में नही आया साहब." आणि अडकित्ता चालू केला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. जाण्याआधी आमचा एक तांब्या त्याच्याकडं होता तो द्यायला आला. अप्पा शाळेत. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. ती रडली वगैरे नाही, पण गाठ तिला दोनदा बांधावी लागली. त्यानं ते घेतलं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं ती पुढं म्हणे. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. तो म्हणाला, "अस्तर धुतलं गोदा. साबण लावला तर डाग लाल झाला." एवढंच बोलला. आम्हा हळदीच्या माणसांना हे ठाऊक असतं, त्याला नवीन होतं. मी विचारलं, "आता काय करणार तुमी?" "मामाची आडत हाय. पोती मोजायला माणूस लागतो तेंना." आणि गेला. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

अप्पांना जवळा बाजारला जावं लागलं नाही. पुढच्या वर्षी शाळेतली पोरं घरी सांगू लागली, की मास्तर आता आशारिया हळकुंडं मांडून शिकवतात. एक अख्खं, दहा बारीक. मी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, चोर. मग मला वाटलं, मी कोणाला म्हणते आहे?

पुढं राज्य गेलं. त्या वर्षी झुबेदाच्या घरावर काय काय गुदरलं ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. शाळेत उर्दू गेली, मराठी आली, आणि लोकांना एकदम आठवलं की अप्पांनी निजामाच्या काळात भर वर्गात मराठी चालवली होती. त्यांना पाटावर बसवून नारळ आणि शाल दिली. भाषणं झाली. अप्पांनी खाली मान घालून शाल घेतली. लोक म्हणाले, केवढा विनय. मी बायकांत बसले होते. मला ठाऊक होतं, की ही गोष्ट ज्यात लिहून ठेवली आहे असा एकच कागद जगात आहे आणि तो आमच्या कणगीत आहे.

अप्पा गेल्यावर कणगी मोडली तेव्हा वही निघाली. वर्तमानपत्रं अप्पांनी केव्हाच जाळली होती, वही ठेवली होती. हळदीमुळं तिला कसर लागलेली नव्हती; कडा तेवढ्या पिवळ्या झाल्या होत्या. मी ती माझ्या पेटीत टाकली. उर्दू वाचणारं माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं, झुबेदा तिच्या काकाकडून घरीच शिकली होती आणि ती वसमतलाच होती. पण मी नेली नाही. एवढी वर्षं नेली नाही. अप्पांनी वाचून दाखवलं होतं, ते खरं होतं, आणखी काय वाचायचं, असं मी स्वतःला सांगत असे. नातसुनेचा पेढा खाल्ला आणि चार दिवसांनी मी एसटीनं वसमतला गेले.

झुबेदा खाटेवर बसून भिंग लावून वाचू लागली. "गोदे, अक्षर बारीक हाय गं. पर मोत्यावानी हाय. कोनाचं?"

"तू वाच."

"मास्तर हिसाब मराठीत समजावतात, हुकूम उर्दूचा आहे." ती थांबली नाही, कारण ओळ तिथं संपत नव्हती. "पण मराठीत सांगितल्यावर सगळ्या वर्गाचे हात वर येतात. मीही तसंच करून बघितलं, बराबर आहे. हे साहेबांच्या साफ वहीत घ्यायचं नाही, मास्तरांना तकलीफ होईल."

मी म्हटलं, "फुडं."

"आज मास्तर अर्धा तास उशिरा आले. येताना तापानं पडलेल्या पोराच्या घरी जाऊन त्याला पाढे देऊन आले." झुबेदानं भिंग खाली केलं. "आगं, हे तर तुझ्या अप्पांचं हाय! किती चांगलं लिवलंय. तू रडून राहिलीस का?"

"न्हाई. फुडं वाच. शेवटचं पान."

तिनं पान उलटलं. शेवटचं पान म्हणजे मी वही काढली त्याच्या आदल्या दिवसाचं. अप्पांनी त्या संध्याकाळी सबंध वही पहिल्यांदा मनाशी वाचली होती, म्हणजे हे पानही वाचलं होतं. झुबेदानं ते दोनदा वाचलं, एकदा उर्दूत, एकदा मराठीत.

"मास्तरांना आशारिया येत नाही, वर्गात ते पान सोडतात. संध्याकाळी मी गोदाला शिकवतो तेव्हा आत त्यांचा अडकित्ता थांबतो. ते ऐकतात. उद्यापासून आणखी सावकाश आणि मोठ्यानं सांगायचं."

झुबेदानं विचारलं, मग सांगितलं का त्यानं मोठ्यानं? मी म्हटलं, त्याला उद्या मिळाला नाही. तिला काही समजलं नाही आणि मी समजावलं नाही. वही घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. नातसून दारात होती. मी तिला विचारलं, "त्या बाई तुझी वही रोज वाचतात का?" ती म्हणाली, "वाचतात की आजी. सही करतात." मी म्हटलं, "सही करू दे. मोठ्यानं वाचून दाखवायला सांग. सबंध."